बर्फाच्या यंत्रातलं पाणी

दादाच्या गाडीतला फ्रीज बर्फ पाडायचा. ग्लास खाली धरला की त्याच्या पोटात कडकड वाजायचं आणि बर्फाचे तुकडे धडाधड ग्लासात पडायचे. गावात कुणाची हळद असली की दादा ती गाडी मांडवाला खेटून आणून उभी करायचा. ज्यांनी आयुष्यभर खाडीत जाळी टाकली ते म्हातारे ग्लास घेऊन त्या फ्रीजपुढे रांग लावायचे. दादा गाडीच्या दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत राहायचा, जणू हिमालय त्यानंच विकत घेतलाय. तो माझा सख्खा थोरला भाऊ, आणि त्याचं ते बघणं मला कधीच सहन झालेलं नाही.

गाडी मूळची शूटिंगवाल्यांची. दादानं ती जुनी घेऊन आत दोन पलंग बसवले, ओटा बसवला, भांडी घासायला सिंक, खाली पाण्याची टाकी, आणि तो परदेशी फ्रीज. घर घेऊन फिरायचं म्हणे. घर पाडण्याचा अनुभव त्याला होताच. जुईनगरच्या मागे आमचं गाव, तिथं वडिलांनी बांधलेलं घर होतं. मी तळोज्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ड्यूटीवर असताना दादानं ते पाडलं आणि तिथं चार मजली बिल्डिंग उभी केली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, म्हणून तर राग जात नाही.

तेव्हापासून आम्ही बोलत नाही. म्हणजे एकमेकांशी बोलत नाही. एकमेकांबद्दल भरपूर बोलतो. आणि समोरासमोर आलोच तर आईमार्फत बोलतो. तो तिला सांगतो, ती मला सांगते, मी तिला सांगतो, ती त्याला सांगते. आम्ही एकाच खोलीत, एकाच सोफ्यावर असलो तरी हाच रस्ता. पाहुण्यांना गंमत वाटते. आम्हाला आता सवय झालीय.

आई दादाकडे राहते, तळमजल्यावर. मी कामोठ्याला फ्लॅट घेतल्यापासून तिच्या मागे लागलो होतो की माझ्याकडे ये. दोन मुलं असताना म्हातारी एकाचकडे का राहावी? सून वाईट नाही, लिफ्ट आहे, आणि तिच्यासाठी एक खोली मी रिकामी ठेवली होती. ती दर वेळी काही ना काही पुढे करायची. पावसाळा होऊ दे, गणपती होऊ दे, गुडघा दुखतोय. शेवटी एकदा म्हणाली, "मना बर्फ पडताना बघायचाय. आयुष्यभर मासलीवर बर्फ टाकला, पन तो वरनं कसा पडतो ते बघितला नाय. तेवडा बघून येते, मंग येते तुज्याकडं."

दादा शेजारीच बसला होता. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "आये, त्याला सांग, मीच नेतो तुला मनालीला. जाऊन येऊ दे, मग खुशाल ने म्हणावं."

शब्द दिला गेला. तोही चारचौघांत, वहिनी आणि तिच्या माहेरची मंडळी समोर असताना. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की आई येतेय. बायको म्हणाली, "आल्यावर बघू." बायकांना आधीच कळतं आणि त्या सांगत नाहीत, हाही एक छळच आहे.

जानेवारीत निघायचं ठरलं. आणि मग दादाच्या ध्यानात आलं की तिकडे रात्री पाणी गोठतं. गाडीच्या पोटात टाकी, पंप, नळ्या, आणि त्या बर्फाच्या यंत्राकडे जाणारी बारीक नळी. पाणी गोठलं की फुगतं. नळीत फुगलं की नळी फाटते, आणि यंत्राच्या तोंडाशी जो प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह असतो तो तर पहिलाच तडकतो. बर्फ करणारं यंत्र बर्फानंच मरतं. यावर उपाय एकच, निघण्यापूर्वी सगळं पाणी काढून यंत्र कोरडं ठणठणीत करायचं. गॅरेजवाल्यानं हात वर केले. आमच्याकडे गाड्या पावसापासून वाचवतात. थंडीपासून गाडी वाचवायची असते हे नवी मुंबईत कोणाला माहीत असणार? इथं जानेवारीत लोक स्वेटर घालतात तेही कपाटातून काढला म्हणून.

मला माहीत होतं. उणे अठराच्या खोल्यांत नळ्या दुरुस्त करण्यात माझी अर्धी हयात गेलीय. म्हणजे दादाला माझ्याशिवाय गत नव्हती. त्यानं आईला सांगितलं, आईनं मला फोन केला. मी जायला नकोच होतं. पण ती परत येऊन माझ्याकडे येणार होती, तेव्हा गाडी धड जाणं आणि धड येणं ही माझी गरज होती. अडला हरी, दुसरं काय.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी उभी होती. मी फ्रीज पुढे ओढून मागे वाकलो. दादा हातभर अंतरावर, आई आमच्या मध्ये.

"आये, त्याला विचार, किती वेळ लागेल."

"आये, त्याला सांग, घाई असेल तर स्वतः कर."

आई दादाला म्हणाली, "तो म्हनतो, थोडा वेल लागंल."

आई निरोप असा गाळून द्यायची. चहा गाळते तसा. इतकी वर्षं आमचं भांडण हाणामारीवर गेलं नाही ते त्यामुळेच, हे मला मान्य आहे.

मग दादाला फोन आला आणि तो फाटकाकडे गेला. मी फ्रीज बंद केला. बर्फाचा डबा ओतला. टाकीचं बूच काढलं, तसं भळाभळा पाणी पार्किंगच्या उतारावरून गटाराकडे वाहू लागलं. मागची नळी सोडवली, कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडून हवेचा पंप आणला होता, त्यानं नळीत हवा मारली. आधी धार आली, मग फुर्र फुर्र, मग नुसती हवा. व्हॉल्व्ह काढून उलटा केला, झटकला, पुसला, परत बसवला. सिंकचा नळ उघडून त्यातलंही शेवटचं पाणी काढलं, मग बूच आणि नळी जागच्या जागी लावली. सिंकला आणि यंत्राला पाणी सोडणारी चावी एकच, ओट्याखाली. ती बंद करून मी तिला लाल चिंधी बांधली, म्हणजे आंधळ्यालाही दिसावी.

आई तोंडाला पदर लावून त्या वाहत्या पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "एवडा पानी ओतून टाकतात व्हय रं?"

"टाकावंच लागतं," मी म्हणालो. "आता त्याला सांग, परत येईपर्यंत टाकी भरायची नाही. चावीला हात लावायचा नाही. प्यायला आणि धुवायला कॅन भरून घ्या."

दादा अजून फाटकापाशी फोनवर कुणाला तरी सिमेंटच्या गोण्यांवरून शिव्या घालत होता. आई त्याच्याकडे गेली, त्याच्या दंडाला हात लावून काहीतरी बोलली. त्यानं मान हलवली. मी हात धुतले, चहा घेतला नाही, आणि निघून आलो.

निघताना मी नव्हतो. बोलावलं नव्हतं. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं, वहिनी भरलेली कळशी घेऊन समोरून आली, हे सगळं मला बायकोच्या फोनवर व्हिडिओत दिसलं. आई पुढच्या सीटवर शाल पांघरून बसली होती, एखाद्या देवीसारखी. वाटेतनं तिचे फोन यायचे. गुजरात लागला. राजस्थान लागला. इथली भाकरी जाड असते. बर्फ पडताना बघितला त्या दिवशी फोनवर म्हणाली, "मऊ हाय रं. त्यात मासली नाय टिकायची." मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. आता चार-पाच दिवसांत परत, आणि मग कामोठे.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी वहिनीनं तिथूनच बायकोला फोन करून सांगितलं की गाडीत पाणी फुटलं आणि सगळे परत निघालेत.

झालं असं होतं. थंडी फार म्हणून ते हॉटेलात झोपले, गाडी बाहेर उभी. दुपारी उन्हानं गाडी तापली तेव्हा फ्रीजच्या मागून पाणी यायला लागलं आणि थांबेना. दोन्ही गाद्या, पांघरुणं, आईची लुगडी, सगळं भिजलं. आईला ताप आला. दादानं गाडी वळवली.

ते आले त्या रविवारी मी आईला बघायला गेलो. ताप उतरला होता. ती हॉलमध्ये जमिनीवर बसून कोलंबी सोलत होती. दादानं माझ्यासमोर टीपॉयवर तो तडकलेला व्हॉल्व्ह ठेवला आणि आईकडे वळून म्हणाला, "आये, त्याला विचार, हे काय हाय?"

मी म्हणालो, "आये, त्याला सांग, टाकीत पाणी भरल्यावर हेच होतं."

"आये, त्याला सांग, टाकी कोणी भरली नाय. काम केलं बोलला, आणि अख्ख्या रस्त्यानं सिंकच्या नळाला पाणी येत होतं. मला वाटलं, निदान यंत्राचं काढलं असेल. पाणी काढलंच नव्हतं. मुद्दाम नव्हतं काढलं."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मुद्दाम! मी गुडघ्यांवर बसून त्याच्या गाडीचा थेंब न् थेंब काढला, आणि चोराच्या उलट्या बोंबा. मी पहिल्यांदा थेट त्याच्याकडे बोट केलं, तरी तोंडातून आलं ते आईलाच. "आये, त्याला सांग, मी निरोप दिला होता, टाकी भरायची नाय, चावीला हात लावायचा नाय!"

"मला कोणी काय बोललं नाय," दादा म्हणाला. "काम झालं, एवढंच बोलली आये."

मी आईकडे बघितलं. दादानंही बघितलं. आई कोलंबीचं डोकं मोडत होती. एक मोडलं, बाजूला टाकलं, दुसरी उचलली.

मग दादानं निकाल दिला. "ज्याला एक टाकी रिकामी करता येत नाय, तो म्हातारीला काय सांभाळणार? आये कुठं जाणार नाय. विषय संपला." वहिनीनं कानावर काही पडलंच नाही असा चेहरा केला.

मी उठलो. चप्पल घातली आणि पार्किंगमध्ये आलो. गाडीचं दार उघडंच होतं, गाद्या उन्हात वाळत टाकलेल्या. मी आत जाऊन ओट्याखाली वाकलो. चावी पूर्ण उघडी होती. लाल चिंधी सोडवून, नीट घडी करून सिंकच्या कडेला ठेवलेली. दादा उभ्या जन्मात चिंधीची घडी करणार नाही.

मागे वळलो तर आई दारात उभी. हात कोलंबीचे, तसेच पुढे धरलेले.

"तू भरलीस?" मी विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "निगताना. पाइप लावला नि भरली. चावी फिरवली, नलाला पानी आला, मंग जिवाला बरा वाटला."

"मी सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितला व्हता. पन तुजा बाप गेला तवा असाच घरातला सगला पानी ओतला व्हता. कलशी, हंडा, पिप, सगला. त्या दिवशी तू गाडीतला पानी ओतलास नि मना तोच दिवस आटवला. तशा कोरड्या गाडीत बसून मी एवड्या लांब जाऊ? पोरं, सून बरोबर असताना?"

घरात मयत झाली की साठवलेलं पाणी ओतून टाकतात, हे मलाही माहीत होतं. ती त्या दिवशी तोंडाला पदर लावून उभी होती, आणि मी तिला टाकी-चावीचा निरोप सांगत होतो. पाण्याचा राग माझा तिथंच उतरला. पण दुसरा राग होता.

"ते जाऊ दे," मी म्हणालो. "पण आत्ता आत गप्प का बसलीस? तुझ्यासमोर तो मला खोटारडा म्हणाला. एक शब्द बोलली असतीस तर?"

तिनं माझ्याकडे बघितलं. लाजली नाही, डोळे खाली घातले नाहीत. लहानपणी ताटात मासळीचा छोटा तुकडा माझ्याकडे सरकवायची तेव्हा बघायची तसंच बघितलं.

"बोलले असते तं तुज्याकडं यावा लागला असता," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तिकडं वरती मी कोनाशी बोलू? तुमी दोगं सकाली दार ओडून जाल. हितं दारात बसले तं गावची चार मानसं दिसतात, दोन भांडनं व्हतात, दिस जातो. पन तुला नाय कसा बोलू? तू एवडी खोली केलीस." तिनं मनगटानं कपाळ पुसलं. "मंग दादाच 'नाय' बोलला. बरा झाला. तुला काय, तू त्याच्याशी नाय तरी बोलत नाय. एक भांडान वाडला तं काय झाला?"

"आणि मी मुद्दाम पाणी ठेवलं, असं सगळ्या गावात होईल त्याचं?"

"व्हऊ दे. तू सोसशील. तो नाय सोसायचा," ती म्हणाली, आणि कोलंबी तशीच उघडी राहिली म्हणून घाईनं आत गेली.

मी तिथंच उभा राहिलो. आत जाऊन दादाला खरं काय ते तोंडावर सांगावं असं फार वाटलं. पण दादाला काही सांगायचं तर ते आईलाच सांगावं लागलं असतं.