रंगांच्या डब्यांच्या जागा

सैन्यातून निवृत्त झाल्यावर वडिलांना बोटभर उंचीचे सैनिक रंगवायचा नाद लागला. मलकापूरच्या घरात खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं आणि त्यावर रंगांच्या तीसेक डब्या अस्ताव्यस्त पडलेल्या असायच्या. एकदा ते भावाबरोबर म्हसवडला देवाला गेले, तेव्हा मी प्रत्येक डबी पुसून सगळ्या रंगांप्रमाणे ओळीत लावल्या.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले, तर त्यांच्या हातातल्या सैनिकाचा चेहरा हिरवागार झाला होता आणि आता ते त्याच हिरव्यानं त्याचे हात रंगवत होते.

"आबा, हा हिरवा हाय."

ते थांबले. "डब्या कुणी हलिवल्या?"

तेव्हा मला कळलं, की त्यांना रंग दिसतच नव्हते. ते जागेवरून डबी उचलत होते.

"कवापासनं दिसत न्हाई? सांगायचं की आबा!"

"सांगून तू काय करणार हुतीस?"

मी घाईघाईनं डब्या पुन्हा पसरू लागले. "अंगाचा रंग कुठं असायचा?"

त्यांनी हात पुढं नेला, डावीकडं वळवला, जरा तसाच धरला आणि मागं घेतला. "आता न्हाई सांगता येत," ते म्हणाले. मलाही काही केल्या आठवेना.