अनवाणी लेझीम

आधीच सांगून टाकतो, मी विज्ञानाचा मास्तर आहे. एकवीस वर्षं पोरांच्या प्रयोगवह्या तपासतोय. जत्रेत कुणाच्या अंगात आलं की लोक हात जोडतात आणि मी नाडी मोजायला पुढं होतो, म्हणून गावात थोडा बदनामही आहे. या पानावर लोक लिहितात ते गूढ अनुभव मी वाचायचो ते खरं तर हसायला... राग मानू नका. पण गेल्या जानेवारीत इंदापूरच्या मैदानावर जे झालं, ते मी स्वतः पाहिलं. पाहिलं म्हणणंही चूकच, ते माझ्या डाव्या पायाला कळलं. तेव्हापासून हसणं बंद आहे.

आमची शाळा बावड्याजवळ, तिन्ही बाजूंनी ऊस. विज्ञानाबरोबर मुलींचं लेझीम पथकही माझ्याकडे आहे. ढोल वाजवतात गावातले दगडूतात्या. साखर कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, खांदा कामातून गेलेला, म्हणून ढोल गळ्यात न अडकवता जमिनीवर टेकवून वाजवतात. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कोमल पाचवीत आमच्याकडे आली. जन्मापासून ठार बहिरी, त्यामुळे बोलणंही नाही. श्रवणयंत्र मिळालेलं, पण त्यातून नुसती खरखर यायची म्हणून ते कायम दप्तराच्या तळाशी. मला काळजी होती की ही पोरगी वर्गात एकटी पडेल. झालं उलटंच. सहा महिन्यांत अख्खा वर्ग तिच्या खुणा शिकला. प्रत्येक शिक्षकाला तिनं एक खूण ठरवून दिली होती. नाकावरून घसरलेला चष्मा वर ढकलला की तो मी. मुख्याध्यापिका बाईंची खूण इथं लिहिण्यासारखी नाही. या खुणांनी मुली चाचणी परीक्षेत उत्तरं पुरवायला लागल्या, तेव्हा आम्हाला बाकांची तोंडं फिरवावी लागली! रागावणार तरी कुणावर?

सातवीत ती हट्टानं लेझीम पथकात घुसली. पहिली रांग, डावा कोपरा. आमच्या लेझमीत एक ‘थांबा’ आहे. मुली लेझीम डोक्यावर धरून अगदी स्तब्ध उभ्या राहतात, ढोल एकटाच सोळा ठोके वाजतो आणि सतराव्याला सगळ्यांनी एकदम पाऊल टाकायचं. ऐकू येणाऱ्या मुली इथं चुकायच्या. कोमल कधीच नाही. तात्या तर तिच्या पाठीमागे बसलेले असायचे. मी समजायचो, मनात आकडे मोजत असेल.

मग माझ्या हातून एक चूक झाली. आठवीत ती असताना तालुक्याच्या स्पर्धेला गणवेशाचे वेगळे गुण होते, म्हणून मी सगळ्यांना पांढरे कॅनव्हासचे बूट घ्यायला लावले. सराव अनवाणी आणि स्पर्धा बुटात. त्या दिवशी थांब्यानंतर कोमल दोन ठोके उशिरा निघाली, तिच्यामागची रांग विस्कटली आणि नंबर गेला. परतताना टेम्पोत ती सारखी बुटाकडे बोट दाखवत होती. मी विचारलं, बूट चावतात का? तिनं कपाळाला हात लावला. तीन दिवसांनी सरावाच्या वेळी तिनं माझा हात धरला, खाली बसवलं आणि माझा तळवा मातीवर दाबून धरला. मागं तात्यांचा ढोल चालू होता. तो माझ्या तळव्यात वाजत होता.

विज्ञान मी शिकवतो. ध्वनीचं वहन स्थायूतून होतं, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. आणि ते मला त्या पोरीनं शिकवलं. लाज वाटली. पण तिच्या घरी जाऊन ‘चूक माझी होती, तिची नव्हती’ एवढं सांगायचं मात्र राहून गेलं. आज जाऊ, उद्या जाऊ...

नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत तिला ताप आला. मेंदूज्वर. बारामतीला हलवलं, डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, पण चौथ्या दिवशी कोमल गेली.

सुट्टीनंतर शोकसभा झाली. बाई म्हणाल्या, दोन मिनिटं शांत उभं राहू. तेव्हा पथकातली प्राजक्ता, कोमलची जिवलग, रांगेतून पुढं आली. “बाई, शांतता तिला आवडायची न्हाय. तात्यांना ढोल वाजवू द्या.” मग सगळी शाळा चपला काढून मैदानात उभी राहिली आणि तात्यांनी ढोल वाजवला. शिपाईमामांपासून बाईंपर्यंत सगळे अनवाणी. डोळे पुसत होतो, पण ताठ उभे होतो. अशी शाळा माझी आहे, याचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

जानेवारीत पुन्हा स्पर्धा आली. मुलींनी दोन गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. नाचायचं अनवाणी आणि कोमलची जागा मोकळी ठेवायची. बाईंना पटेना, गणवेशाचे गुण जाणार, रचनेचेही जाणार. मी म्हणालो, जाऊ द्या. एकदा गुणांच्या मागं लागून काय केलं ते मला माहीत होतं.

इंदापूरचं मैदान, सकाळचे अकरा. कोमलची आई मंगलताई कडेला उभ्या होत्या, मुलींनी बोलावून आणलं होतं. मीही बूट काढले होते. मैदानाला लागून सिमेंटचा बुटका कट्टा आहे. माझा उजवा पाय त्या कट्ट्यावर होता आणि डावा खाली मातीत.

थांबा आला, मुलींनी लेझीम डोक्यावर नेली आणि त्याच क्षणी, पहिल्या ठोक्याआधीच, फाटकन आवाज झाला. ढोलाचं पान फाटलं होतं. तात्यांनी टिपरू खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. एकतीस मुली स्तब्ध, एकही पाऊल हलत नव्हतं, लेझमीची चकतीसुद्धा वाजत नव्हती. मैदानावर चिडीचूप. मला वाटलं, संपलं.

आणि माझ्या डाव्या तळव्याला ठोका लागला.

मग दुसरा. तिसरा. अगदी आमच्या लयीत. उजवा पाय गप्प होता, सिमेंटवर काही नाही. फक्त मातीतला पाय. मी सवयीनं मोजायला लागलो... चौदा, पंधरा, सोळा. सतराव्याला एकतीस मुलींनी एकदम पाऊल टाकलं. एकही मागंपुढं नाही. तिथून शेवटपर्यंत ढोलाशिवाय त्या अशा नाचल्या की दुसऱ्या शाळांची पोरंही उभी राहिली. आमच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, दोन्ही हात वर करून पंजे हलवले. कोमलच्या टाळ्या.

नंतर मी मुलींना एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, एकमेकींशी बोलायच्या आत. कुणी म्हणाली आकडे मोजले. पण पहिल्या रांगेतल्या पाचही जणींनी एकच सांगितलं, “सर, खालून वाजत होतं की.” आणि त्यांना ढोल फाटल्याचं कळलंच नव्हतं.

नंबर दुसरा आला. बुटांचे गुण गेले. कुणाचंही तोंड वाकडं झालं नाही. ढाल मुलींनी मंगलताईंच्या हातात दिली, तेव्हा मला राहवलं नाही. त्या बुटांचं सगळं मी त्यांना सांगितलं, वर्षभर उशिरानं. म्हणालो, ती कधीच चुकली नव्हती, मी चुकलो होतो.

मंगलताईंनी ढाल पदराने पुसली. “मला ठावं हाय सर. तिनं तवाच खुणेनं सांगितलं हुतं.” मग त्यांनी नाकावरून चष्मा वर ढकलल्यासारखं केलं, छातीवर हात ठेवला आणि हसल्या. “सर लई चांगले हायेत, म्हणली. फकस्त त्यांना उशिरा कळतं.”

स्पष्टीकरण मी शोधलं. शेजारी रस्त्यावर ट्रक असेल, कुठं इंजिन चालू असेल. दोन वेळा त्या मैदानावर जाऊन त्याच जागी, तसाच एक पाय वर एक पाय खाली ठेवून उभा राहिलो. काही नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी प्रामाणिकपणे तपासून बघेन.

तोपर्यंत आमच्या शाळेत लेझीम अनवाणीच होते, आणि पहिल्या रांगेचा डावा कोपरा मोकळा असतो. सराव सुरू व्हायच्या आधी, तात्या टिपरू उचलायच्या आत, मी बूट काढून तिथं मातीत उभा राहतो. अजून काही जाणवलेलं नाही. पण मला उशिरा कळतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे.