टर्पेंटाइन बाउलची ओळ

वायनेल स्प्रेबेरीला वडिलांकडून रंगाचे ब्रश मिळाले आणि ब्रशांबरोबर त्यांचा रागही मिळाला. बेल्फोर कॉलेजच्या मैदानाची रस्त्याकडची विटांची भिंत आधी वडील रंगवायचे, मग ती रंगवू लागली. कॉलेजच्या फुटबॉल संघाचं नाव 'खेचरं', आणि अलाबामातल्या त्या गावाला या नावाचा भलताच अभिमान. हंगाम बरा गेला की डिसेंबरात खेचरांना कुठल्यातरी लांबच्या शहरातून 'बाउल'चं, म्हणजे हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याचं, बोलावणं यायचं. संघ परतला की शनिवारी सगळं गाव उकडलेले शेंगदाणे खात भिंतीपाशी उभं राहायचं, आणि त्या बाउलची ओळ पांढऱ्या रंगात वर चढायची.

हरले तर 'हरलो' असंच लिहायचं. एका प्राचार्यांना त्याची लाज वाटली, तेव्हा वडिलांनी त्यांच्यापुढे ब्रश धरला आणि म्हणाले, "घ्या, तुम्हीच पुसा. मी झालेलं लिहितो." प्राचार्य मुकाट्याने घरी गेले.

आणि खेचरं हरायचीही मनापासून. एकदा चिखलात हरली. एकदा समोर गोलाचे खांब मोकळे असताना चेंडू बाहेर मारून हरली. तो चेंडू मारणाऱ्या पोराची आई पुढे बरेच दिवस चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची. नऊ ओळींपैकी आठांच्या शेवटी 'हरलो'. 'जिंकलो' एकदाच, चौऱ्याण्णव साली, टर्पेंटाइन बाउलमध्ये, विनफ्री कॉलेजविरुद्ध.

तो सामना वायनेलच्या मुलाने, रॉयसने जिंकून दिला होता. शेवटच्या डावात विनफ्रीचा दांडगा गडी चेंडू काखेत घेऊन गोलरेषेपाशी आला आणि रॉयस त्याला डोक्यानेच भिडला. गडी रेषेच्या अलीकडे पडला, विनफ्रीचे गुण हुकले. रॉयसही पडला, पण उठला नाही. आपली माणसं मैदानात नाचत होती आणि वायनेल त्या नाचणाऱ्यांना कोपरांनी ढकलत पोरापर्यंत पोचली होती.

तेव्हापासून रॉयसचे शब्द अर्ध्या वाटेवर हरवू लागले. किल्ली कुठे ठेवली, जेवण झालं की नाही, काही आठवेना. तो आईचे ब्रश धुवायचा, शिडी धरायचा. पण रोज सकाळी भिंतीपाशी जाऊन आपल्या ओळीवरून बोट फिरवायचा आणि मोठ्याने वाचायचा, "जिंकलो." तेवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

चार वर्षांनी कॉलेजचा क्रीडाप्रमुख पेल्हम गॉल्ट टोपी हातात घेऊन तिच्या ओसरीवर आला. ती त्याला तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून ओळखत होती, आणि साऱ्या गावासारखा तोही तिला मानाने 'मिस' म्हणायचा.

"मिस वायनेल, जरा नाजूक काम होतं."

"नाजूक कामं माझ्याकडे येत नाहीत. शिडीची येतात. बोल."

"चौऱ्याण्णवची ओळ पुसायची आहे. त्या वर्षी दोन खेळाडूंचे परीक्षेचे पेपर प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून शिकवणीवाल्याने लिहिले होते, हे चौकशीत निघालं. वरच्या समितीने विजय रद्द केला."

"रद्द म्हणजे? सामना झालाच नाही?"

"झाला की."

"मग आपण हरलो?"

"नाही, हरलोही नाही. फक्त जिंकलो नाही."

"आणि विनफ्रीवाले? ते जिंकले?"

"छे! त्यांची हार तशीच राहते. नियमच तसा आहे."

वायनेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ते हरले, पण आपण जिंकलो नाही! मग त्यांना हरवलं कुणी रे, डासांनी?"

ती पायरी उतरून त्याच्यासमोर आली.

"माझा रॉयस गणितात स्वतःच्या अकलेने नापास झाला आणि स्वतःच्या अकलेने पुन्हा बसून पास झाला. ज्याने हे धंदे केले तो तुमचा प्रशिक्षक कुठाय? मोठ्या कॉलेजात, मोठ्या खुर्चीत. सांग तुझ्या समितीला, विजय रद्द करताय ना, मग पोराच्या डोक्याला बसलेला मारही रद्द करा. दोन्ही एकाच क्षणात झालंय."

"तुम्ही नाही पुसलंत तर सोमवारी बाहेरचा माणूस येईल," पेल्हम हळूच म्हणाला. "तो सगळी भिंतच रंगवून टाकेल. वडिलांच्या ओळींसकट."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. रविवारी वायनेल चर्चला गेली नाही. तिने मक्याची भाकरी करपवली, मांजराला शिव्या घातल्या आणि दुपारी विटकरी रंगाचा डबा उचलून रॉयसला म्हणाली, "चल, शिडी धर."

तिने पहिला हात मारला तसा तो खालून ओरडला, "आई, ते माझं आहे!"

तिला डबा रस्त्यावर भिरकावून द्यावासा वाटला. तिने दात आवळून ओळ पुसली. ऊन कडक होतं, रंग लवकर सुकला. मग तिने पांढरा ब्रश घेतला.

सोमवारी पेल्हम बाहेरच्या माणसाला घेऊन आला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: '१९९४. टर्पेंटाइन बाउल. विनफ्री कॉलेज हरलं.'

"मिस वायनेल, हे असं..."

"खोटं आहे?"

"नाही."

"नियमात बसत नाही?"

पेल्हमने ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्या माणसाला म्हणाला, "शिडी उचल, परत चल."

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. लोक भिंतीसमोरून मुद्दाम गाड्या नेत होते, भोंगे वाजवत होते, हसत होते. वायनेलला हसू येत नव्हतं. ती रॉयसकडे बघत होती. त्याचं बोट जुन्या सवयीने ओळीवरून सरकत गेलं आणि शेवटच्या शब्दावर अडलं.

"हरलं?" तो म्हणाला. "कुणाकडून गं आई?"

इतक्या वर्षांत तिला शब्दांची वाण कधी पडली नव्हती. आता मात्र तिने आधी त्याचं बोट हातात धरलं.

"तुझ्याकडून, बाळा. तुझ्याकडून हरले ते."

रॉयस खूश झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा तेच विचारलं, आणि त्यानंतर रोजच. ती रोज सांगायची, आणि कॉलेजच्या कचेरीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायची.