रंगनाथ आप्पा आणि हिरवी गाडी

२०१७ साल. मी सहासष्ट वर्षांचा होतो. आमच्या सोनईत रंगनाथ आप्पा सेकंडहँड गाड्यांची दलाली करायचे. त्यांना पहिल्यांदा गाडी पारखताना पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. एका लहान गाडीभोवती फिरले, तिच्या मागच्या अंगावर थाप मारली आणि उकिडवे बसून टायर असे बघितले, जसे बैलाचे खूर बघावेत. नवल नव्हतं. निम्मी जिंदगी घोडेगावच्या बैलबाजारात गेलेली. गाडीचा भावही ते उपरण्याखाली समोरच्याची बोटं धरूनच ठरवायचे. शहरातलं गिऱ्हाईक बिचकायचं. आप्पा म्हणायचे, "तोंडानं भाव केला की गावभर हुतो. बोटांचा बोटांतच ऱ्हातो."

गिऱ्हाइकाला त्यांचं एकच सांगणं, "रंग बघू नगा. सकाळी थंड इंजिन पहिल्या चावीत उठतंय का, तेवढं बघा. उठलं, तर पाच वर्सांनीबी गाडीला भाव येतो."

माझी बायको सरू पारनेरकडची, आप्पांच्याच गावची. म्हणून मी त्यांचा दाजी. सरूचे गुडघे गेलेले. एसटीची पायरी चढवेना, मोटरसायकलवर बसवेना. पारनेरला तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, आणि दोघींची भेट नाही. आमचा पुण्याचा पोरगा म्हणाला, हप्त्यावर नवी घेऊन देतो. म्हटलं, माझी गाडी मी घेणार आणि मीच निवडणार. शाळा चौथीपर्यंत झाली असली तरी डोळे मला आहेत.

आप्पांनी दोन गाड्या दाखवल्या. एक पांढरी, डिझेल, आरशासारखी चकचकीत. तिचा मालक शेजारीच उभा. दुसरी हिरवी, पेट्रोल, उन्हानं रंग उडालेली, एका रिटायर मास्तरांची.

"दाजी, पांढरी घ्या," आप्पा म्हणाले. "तुमच्या रुबाबाला शोभती. हात तर फिरवा बॉनेटवर, कसं गुळगुळीत!"

हात ठेवला तर सकाळच्या गारव्यातही बॉनेट गरम. मालक मघाशीच म्हणाला होता, आठवडाभर गाडी हललेली नाही. म्हणजे आम्ही यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलेलं. थंड असताना धूर ओकत असणार.

"आत बसा की. ब्रेक कसा मऊ हाय बघा."

बसलो. मीटरवर किलोमीटर थोडेसेच, आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून सपाट. म्हणजे मीटर मागे फिरवलेला. मनात म्हटलं, रंगनाथा, मला काय समजलास?

"मला हिरवी पायजे."

"हिरवी? अवो, म्हातारी हाय ती! लोकं हसतील."

"हसू द्या."

"विकाया काढाल तवा कुत्रं इचारनार न्हाई."

"इकायला घेतच न्हाई मी."

आप्पांनी कपाळावर हात मारला आणि नाइलाजानं खांद्यावरचं उपरणं काढलं.

हिरवी ऐन थंडीतही पहिल्या चावीत सुरू व्हायची. बहीण जाईपर्यंत सरूच्या पारनेरच्या वाऱ्या चुकल्या नाहीत. आप्पा रस्त्यात दिसले की मी मुद्दाम हॉर्न द्यायचो, "काय आप्पा, म्हातारी पळती ना?" ते हात जोडायचे, "तुमच्या नजरेपुढं आपली दलाली कच्चीच, दाजी."

गेल्या वर्षी आप्पा थकले. नाशिकचा मुलगा त्यांना कायमचं न्यायला येणार होता. आदल्या संध्याकाळी ते आमच्याकडे जेवायला आले. वाढता वाढता सरूनं डोळे पुसले.

"रंगादादा, तुज्यामुळं आक्काची भेट झाली बाबा. मी नुसतं म्हनलं, यांना सांगितलेलं पटत न्हाई. तर तू समदं उलटंच सांगितलंस."

आप्पांचा घास हातातच राहिला. "सरूताई, जेवन तरी हुऊ द्यायचं." मग माझ्याकडे वळले, "दाजी, पांढरीचा मालक शेजारी हुता. त्याच्यादेखत गाडीला नावं ठेवली असती, तर मला बाजारात कोन उभं करील? आन तुमाला हिरवी घ्या म्हनलं असतं, तर तुमी बैलगाडी घेतली असती."

हसून हसून सरूला उचकी लागली. मी ताटावरून उठलो. आप्पा घरी जायला निघाले तेव्हा बाहेरसुद्धा आलो नाही. बॉनेटवर ठेवलेला हात माझाच होता, हे मी आजही सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नाशिकची लांबलचक नवी गाडी यायच्या आधीच, मी हिरवी आप्पांच्या दारात आडवी लावली. त्यांचा मुलगा हॉर्न वाजवून दमला. मी आप्पांचं बोचकं मागे टाकलं, त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि पोराला म्हणालो, "तू ये मागनं."