वाळवंटात केर काढणारे शेजारी

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधले आमचे शेजारी बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी व्हॅन घेऊन तिथल्याच बेहाला भागातल्या वर्कशॉपमध्ये तिचं मोटरहोम करून घेतलं. आत पलंग, छोटा ओटा, बेसिन, खिडक्यांना पडदे. कुणी तिला गाडी म्हटलं, की ते लगेच म्हणत, "गाडी नाही हो, घर. चपला बाहेर काढा."

गेल्या हिवाळ्यात जैसलमेरजवळ वाळवंटात मोटरहोमवाल्यांच्या क्लबचा मेळावा होता. त्यांच्या आग्रहाने मीही गेलो. सगळ्यात चांगल्या मोटरहोमला बक्षीस होतं आणि ते मिळवायचंच, असं ठरवून ते आले होते. पण वाळू कुणाचं ऐकते? ते दर पंधरा मिनिटांनी केर काढायचे आणि "धुत्तोर!" म्हणून झाडू आपटायचे. जन्म कोलकात्यातला, त्यामुळे चिडायचं ते बंगालीतच.

परीक्षक दोनच गाड्या पलीकडे असताना शेजारच्या मोटरहोममधल्या आजींना उन्हाने चक्कर आली. ह्यांनी त्यांना धरून आत नेलं, वाळूच्या पायांसकट नव्या चादरीवर निजवलं, लिंबूपाणी पाजलं आणि पडदे ओढून घेतले. तेवढ्यात परीक्षक आले.

"आत बघू या?"

"नाही. पाहुण्या झोपल्यात."

"मग तुमचं नाव यादीतून काढावं लागेल."

हे दाराला पाठ लावून म्हणाले, "काढा. पण जरा हळू बोला."

परीक्षक चवड्यांवर चालत पुढच्या गाडीकडे गेले.