खडीसाखर विकण्यास बंदी

नगरपालिकेच्या आरोग्य समितीच्या बैठकीत मी आजवर फक्त तीन शब्द बोलले आहे. "सर, मिश्री पण." या तीन शब्दांचा मला फार अभिमान होता. तो बरेच दिवस टिकला असता, पण पुढचं सगळं लेखी कामही माझ्याकडेच आलं.

मी मूळची साताऱ्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली. सांगली जिल्ह्यातल्या या गावात तंबाखूविरोधी जनजागृतीसाठी कंत्राटी नोकरी मिळाली, तेव्हा मुलाखतीत मी भरभरून बोलले होते, कारण मुलाखत इंग्रजीत झाली. मराठीत माझं तसं होत नाही. मराठीत मी आधी वाक्य मनात जुळवते, मग त्यातली चूक काढते, आणि तोवर समोरचा चहा पिऊन गेलेला असतो.

राहायला मावशीकडे. गावाच्या कडेला घर, मागे ऊस. काका फौजेतून निवृत्त झालेले. मावशी दिवसातून तीन-चार वेळा मिश्री लावते. म्हणजे तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि ती पूड बोटानं दातांवर, हिरड्यांवर फिरवत बसायचं. लहानपणी मला ती दात घासण्याची पूडच वाटायची. शाळेत हिंदीच्या तासाला 'माखन-मिश्री' आलं, तेव्हा बाळकृष्ण लोण्याबरोबर भाजलेली तंबाखू खातो असं समजून मी हादरले होते. हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर, हे कळायला मला अख्खं वर्ष लागलं, कारण विचारायची लाज वाटत होती.

मावशीकडे राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी एक गोष्ट दिसली. मटणाचा रस्सा वाढला, आणि मावशी आपल्या ताटातल्या फोडी वाटीतल्या पाण्यात बुडवून, तिखट धुऊन खायला लागली. हीच मावशी पूर्वी वरून कच्ची मिरची चावायची. मी पाहिलं, तिनं मला पाहताना पाहिलं, आणि म्हणाली, "उष्णता वाढलीया जरा." तोंड झोंबणं हे कशाचं लक्षण असू शकतं, हे मी आठवड्यातून दोनदा बचत गटातल्या बायकांना माइकवरून सांगत होते. जेवायला बसलेल्या एका बाईला मात्र सांगता येईना. मी भात वाढून घेतला.

माइकवरही फार काही जमत होतं असं नाही. "घरी कोण तंबाखू खातं?" असं विचारलं की सगळ्या जणी माना हलवायच्या. कुणीच खात नाही. मग मी विचारायचे, "आणि मिश्री?" तर हसून म्हणायच्या, "आवं, ती खात न्हाईत, लावत्यात!" खाणं वेगळं, लावणं वेगळं. जे लावतात ते टिकलीच्या, तेलाच्या रांगेतलं. ते व्यसनात कसं धरणार?

म्हणून समितीसमोर ठराव आला, तेव्हा तो एक शब्द आत घालायचाच असं मी ठरवलं होतं. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असा ठराव. पहिला बराच वेळ यार्डातच गेला. एका सदस्यांनी विचारलं, "यार्ड म्हंजे मार्केट यार्ड धरायचं का?" दुसऱ्यांना मोजणी गेटापासून करायची की वर्गापासून, हे हवं होतं. गुटखा, तंबाखू, सिगारेट भराभर मान्य झाले. तेवढ्यात मी उभी राहिले आणि ते तीन शब्द बोलले.

एक सदस्य कळवळून म्हणाले, "आवं मॅडम, मिसरी तर आमची आई लावती. तिला काय सांगू घरी जाऊन?"

कुणीतरी म्हणालं, "सांग, पोरास्नी इकायची न्हाई म्हणून. आईची कोण काढून घेतंय?" हशा झाला आणि शब्द आत गेला. शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या टपरीवर भाजलेल्या मिश्रीच्या तयार पुड्या लटकायच्या आणि मावशी हल्ली तिथूनच घ्यायची. टपरी हलली तर मावशीला निदान आळस तरी येईल, असा माझा छुपा हिशेब होता. मावशीशी बोलण्यापेक्षा अख्ख्या गावाला नियम लावणं मला सोपं वाटलं होतं.

फलकाचा मजकूर माझ्याकडे आला. सरकारी मराठी मला येत नाही, म्हणून मी तो इंग्रजीत लिहिला आणि मोबाइलमधल्या ॲपकडून भाषांतर करून घेतलं. मग मात्र मी मन लावून शुद्धलेखन तपासलं. 'खडीसाखर'मधला 'डी' ऱ्हस्व की दीर्घ, याची मला शंका आली. शब्दकोश काढून पाहिलं. दीर्घ होता. समाधान वाटलं. ऱ्हस्व-दीर्घ तपासणाऱ्या माणसाला शब्दाचा अर्थ दिसत नाही, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी शाळेच्या भिंतीवर, बसस्थानकावर आणि नगरपालिकेच्या दारात फलक लागले. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत गुटखा, तंबाखू, सिगारेट व खडीसाखर विकण्यास सक्त बंदी. ॲपनं माझी मिश्री हिंदीतली धरली होती.

शाळेला लागून देवीचं देऊळ आहे. देवळापुढे प्रसादाचं दुकान चालवणारे आजोबा सकाळीच माझ्या टेबलापुढे उभे राहिले.

"आवं मॅडम, देवीला आता नुसतं फुटाणं दाखवायचं व्हय?"

मी काहीतरी पुटपुटले.

"आमी पिढ्यान् पिढ्या खडीसाखर इकतोय. आजपतूर कुणाला कॅन्सर झाला न्हाई. मुंग्या लागल्या, तेवढंच."

मागून सदस्य आले. तेच, ज्यांची आई मिश्री लावते ते. "मॅडम, उसाच्या पट्ट्यात साखरेवर बंदी! कारखान्याची मंडळी सोडतील का आपल्याला?" अख्खं ऑफिस हसलं. मी फाइल चेहऱ्यासमोर धरली. ती उलटी होती, हे शिपाईकाकांनी सांगितलं.

पण हे हसण्यावारी जाणार नव्हतं. संध्याकाळी टपरीवरून गेले, तर मिश्रीच्या पुड्यांची माळ दुप्पट लांब झालेली. टपरीवाल्यानं मला पाहून फलकाकडे बोट दाखवलं. "वाचा की मॅडम. गुटखा काढला, सिगारेट काढली. मिसरीचं नाव कुटं हाय? आपलं काम आता कायदेशीर. तुमच्याच शिक्क्याचं!"

म्हणजे मी आयुष्यात एकदा उभी राहून एक शब्द मिळवला होता, आणि नेमका तोच हरवला होता. वर मावशीच्या पुडीला नगरपालिकेची परवानगी मिळवून दिली होती.

घरी काकांना सगळं आधीच कळलं होतं. ते जेवताना म्हणाले, "बेटा, मन छोटं करू नको. मी पण फसलोय. लग्न नवीन होतं. सुट्टी संपवून निघालो, तर ही म्हणाली, तिकडनं चांगली मिसरी मिळाली तर आणा. मी पठाणकोटला दुकानात जाऊन रुबाबात मिश्री मागितली. अर्धा किलो बांधून आणली."

"आन मी," मावशी म्हणाली, "अंधारात पुडी सोडली, बोट घातलं, दाताला लावली..."

पुढचं तिला बोलता येईना. ती हसत सुटली. नेहमी पदर तोंडावर धरून हसते. त्या दिवशी पदर धरायचं राहिलं. डोकं मागे टाकून, तोंड उघडं टाकून हसली, आणि दिव्याखाली मला तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. माझ्या माहितीपुस्तिकेत कर्करोगाआधीच्या खुणांमध्ये होता, तसाच.

मी पाणी प्यायले. बोलायचं वाक्य मनात जुळवत होते, आणि ते जुळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फलकाचा नवा मजकूर हातानं लिहिला. या वेळी ॲप नाही. तो घेऊन मी मावशीच्या पुढ्यात बसले. "वाच बरं. शब्द बरोबर आहे का, सांग."

तिनं बोट फिरवत वाचलं. "गुटखा, तंबाखू, सिगारेट व मिश्री..." बोट तिथं थांबलं. "तंबाखूच्या शेजारी बसवलीस व्हय हिला?"

"तंबाखूच आहे ती, मावशी. भाजलेली."

"भाजल्याव जात न्हाई?"

"नाही."

तिनं कागद गुडघ्यावर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काल हसताना बघितलंस न्हवं तू?"

मी मान हलवली.

"मला वाटलंच. तोंड एवढंसं झालतं तुझं." मग कागद घडी करून माझ्या हातात दिला. "चल मग, मला कुटं न्यायचं ते ने."

दाताच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. मी सोबत आत गेले, कारण बोलण्याचं काम माझं, असं ठरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खाता का?"

"न्हाई," मावशी म्हणाली. आणि ते तिच्या दृष्टीनं खरंच होतं. मी घसा साफ केला. वाक्य जुळवायला घेतलं. त्याआधीच मावशी म्हणाली, "खडीसाखर लावते."

डॉक्टरांनी फलक वाचला असणार, कारण त्या आधी हसल्या आणि मग एकदम हसायच्या थांबल्या. "दिवसातून किती वेळा?"

"या पोरीनं बंदी घातल्यापासनं मोजायची सोडलीया."

गालातला छोटा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही. काका उगाचच उसाला पाणी पाजायला जायचे. मी ऑफिसात नव्या फलकांवरचा प्रत्येक शब्द अर्थासकट वाचत होते.

रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला नाही. पण मिश्री चालू राहिली तर पुढचं सांगता येणार नाही, आता पूर्ण बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. मावशीनं हो म्हटलं. टपरी शंभर यार्डांच्या पलीकडे गेली. आजोबांच्या दुकानात खडीसाखर पुन्हा चालू झाली, आणि मी समोरून गेले की ते मला चिमूटभर देतात. "घ्या मॅडम, बेकायदेशीर माल."

हे इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. गेल्या आठवड्यात पहाटे मला करपट वास आला. मागच्या दारी चुलीवर तवा होता आणि मावशी पाठमोरी बसली होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. तिला चाहूल लागली.

"आपलं घर शंभर यार्डाच्या भायेर हाय," ती वळून न बघता म्हणाली.

हे इतकं चोख होतं की एरवी मला हसू आलं असतं. नियम मीच तिला वाचायला दिला होता. मी नेहमीप्रमाणे वाक्य जुळवायला लागले, आणि जुळायच्या आधीच तोंडातून निघून गेलं.

"मावशी, घरची पण."

आवाज समितीत निघाला होता तसाच, अर्धा. तिनं पदरानं धरून तवा खाली उतरवला. आतलं टाकून दिलं नाही, तेही मी पाहिलं. पण चुलीवर चहाचं आधण ठेवलं, आणि म्हणाली, "हुबी का? बस की. आन साखर कमीच घालते, तुझी बंदी हाय म्हणून."