बुरखा माझा, राग अब्बांचा

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ते जुन्या चपलांसारखे असतात. फेकायच्या राहून जातात, आणि एक दिवस बघावं तर दाराआड ढीग!

आम्ही टेलिफोन एक्सचेंजमधल्या रिटायर बायका अधूनमधून लातुरात कुणाच्या तरी घरी जमतो. चहा झाला की कुणीतरी म्हणतंच, "नसीम, तुझ्या अब्बांचं सांग की!" मग सगळ्या पुढं सरकून बसतात. आता मी हसत सांगते. घडत होतं तेव्हा घास गळ्याखाली उतरत नव्हता.

"तू लई सबुरीची बाई," असं म्हणतात मला. कसली सबुरी! जीभ दाताखाली धरून बसले होते, एवढंच.

* * *

आधी अब्बा कोण ते सांगते.

अब्बा नांदेडजवळच्या लोह्याला मराठी शाळेचे हेडमास्तर होते. घरात आम्ही दखनी बोलायचो. पण अब्बा रागावले की मराठीत सुरू व्हायचे! तेही शुद्ध, पुस्तकी. "तुला काही समजते आहे काय?" असं आलं की मी आणि माझा धाकटा भाऊ सलीम ओळखायचो, आता काही खरं नाही.

तरुणपणी अब्बांनी अम्मीला बुरखा काढायला लावला होता. साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती त्यांच्याबरोबर बाजारात गेली, तर बिरादरीनं आमचं दार सोडलं. लग्नाचं बोलावणं नाही, मयतीचा निरोप नाही. अब्बांनी पर्वा केली नाही. मला मॅट्रिक केलं. नोकरीच्या परीक्षेला स्वतः नांदेडला घेऊन गेले आणि पेपर सुटेपर्यंत उन्हात उभे राहिले.

नोकरी लागली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या यूसुफशी लग्न झालं आणि मी लातूरला आले. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवे साहेब, नवी ऑफिसं, भिंतींना ओला रंग. जो तो फोन मागून राहिला होता! नळाला मात्र पाणी नव्हतं. दुष्काळ होता. टँकर आला की गल्ली घागरी घेऊन पळायची.

त्याच दिवसांत मी बुरखा घालायला लागले. काळा, साधा, चेहरा उघडा. का, ते मला लांबलचक सांगता येत नाही. नमाज आधीपासून पढत होते. मनात बरेच दिवस होतं. एका सकाळी घातला आणि ड्युटीवर गेले. बरं वाटलं. बस.

* * *

अब्बांना कुणीतरी लोह्यात कळवलं असावं. ते न सांगता आले. मी ड्युटीला निघालेली, दार उघडलं तर समोर अब्बा, हातात पिशवी.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. आत आले नाहीत.

"हे काय घातले आहेस?"

मराठी!

"बुरखा, अब्बा."

"ते मला दिसते आहे. यूसुफने सांगितले?"

"नाही."

"मग कोणा मौलवीने?"

"कुणीच नाही. मलाच वाटलं."

अब्बा उंबऱ्याबाहेर तसेच उभे राहिले. शेजारच्या बाया घागरी खाली ठेवून ऐकायला लागल्या. मग ते म्हणाले, "कोणी सांगितले असते, तर मी त्याच्याशी भांडलो असतो. आता कोणाशी भांडू?"

मी आतून पाण्याचा गिलास आणला. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "राहू दे. तुम्हालाच कमी आहे," म्हणाले आणि आल्या पावली स्टँडकडे गेले.

दुष्काळाचं पाणी, फेकवेना. बाप ज्या गिलासाला शिवला नाही, तो रडत रडत मीच प्याले!

* * *

त्यानंतर अब्बांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी लोह्याला गेले की ते पेपर उघडून बसायचे. जेवायला एका दस्तरख्वानवर, पण निरोप अम्मीकडून. "तिला सांग, भाजी घे म्हणावं." आणि भाजी मधोमध आमच्या दोघांच्या पुढ्यात!

एकदा मागच्या अंगणात अम्मी तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "अम्मी, तू तरी काही बोल. तुला काय वाटतं?"

अम्मीचे हात थांबले. "मेरेकू?" ती म्हणाली. "घालायला तुझ्या नानांनी, माझ्या बापानं लावला. काढायला तुझ्या अब्बांनी लावला. काय वाटतं म्हणून आजवर कुणी विचारलंच न्हाई, पोरी. तूच पहिली!"

"मग आता सांग."

तिनं सुपातला खडा उचलून लांब फेकला. "त्यांच्यासोबत पहिल्यांदा उघड्या तोंडानं बाजारात गेले ना, लई रडले होते. मग दोन महिन्यांनी आवडायला लागलं."

मला वाटलं, आता आपल्या बाजूनं बोलेल. तर म्हणते कशी, "तुझं तू बघ. पण त्यांना उलटून बोलू नको. त्या माणसानं लई लोकांचं ऐकून घेतलंय."

म्हणजे बुरख्याला हो नाही, की नाही नाही. जीभ मात्र माझीच बांधली!

* * *

ऑफिसात वेगळंच. आमचे सुपरवायझर दोन दिवस माझ्या आजूबाजूला घोटाळले. शेवटी विचारलं, "नसीमबाई, त्याच्यावर हेडफोन बसतो का?"

"बसतो, सर."

"ऐकू येतं?"

"हाव सर, तुमचं तर बोर्डाच्या पलीकडूनपण येतं!"

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बिराजदारबाई. उदगीरच्या लिंगायत घरातल्या, गळ्यात लिंग, तोंडात कायम लवंग. त्यांची सासू लई कडक. घरात थोरांसमोर डोक्यावरचा पदर ढळला की रात्रभर बोलायची.

त्या दिवशी मी लोह्याहून परतले होते. डोळे सुजलेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हातातला प्लग बोर्डात खुपसला आणि म्हणाल्या, "माझा पदर पडला म्हणून सासू बोलती. तुझा पदर ऱ्हायला म्हणून बाप बोलतो. चल, घरं बदलू!"

आम्ही एवढ्या हसलो की एका साहेबांचा सोलापूरचा कॉल भलतीकडंच जोडला गेला!

* * *

यूसुफचं दुखणं निराळं. त्याला बुरख्याचं काही नव्हतं. पण दुकानात येणारा प्रत्येक माणूस त्यालाच धरायचा. "काय यूसुफमियाँ, नोकरीवाल्या बायकोला कोंडलंत म्हणे!"

तो घरी येऊन माझ्यावर उखडायचा. "घालून राहिलीस तू, आन शिव्या खाऊन राहिलो मी! काढून टाक ना बाई, कशाला तमाशा!"

मी भाकरी वाढायची. तो जेवायचा नाही. घरात चार-चार दिवस घड्याळांची टिकटिक तेवढी.

एका दुपारी मी त्याचा डबा घेऊन दुकानात गेले. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. तेवढ्यात नव्या जिल्ह्याबरोबर आलेले एक साहेब घड्याळ घ्यायला आले आणि त्यांनी यूसुफला स्त्री-स्वातंत्र्यावर भाषणच दिलं. बायकांना मोकळं सोडलं पाहिजे, त्यांचं मत विचारलं पाहिजे, काळ बदललाय, वगैरे वगैरे. साहेबांच्या आवाजानं बाहेर माणसं थांबली. यूसुफचा चेहरा लाल. मला वाटलं, आता हा हातातला स्क्रू-ड्रायव्हर फेकतो.

त्यानं डोळ्याचं भिंग काढलं. अगदी हळू म्हणाला, "साहेब, त्या हितंच बसल्यात. विचारा की त्यांनाच."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. एकदम गडबडले.

"न्हाई न्हाई," यूसुफला म्हणाले, "तुम्हीच विचारून सांगा!"

त्या दिवसापासून यूसुफनं घरात तो विषय काढला नाही.

* * *

सलीमचं लग्न नांदेडला झालं. तो बँकेत ऑफिसर. त्याचे साहेब लोक बायकांसकट आलेले. नवरानवरीमागं सगळं घर फोटोला उभं राहिलं. मी अम्मीच्या शेजारी. सलीम माझ्या कानाशी आला.

"आपा, फोटोपुरता काढ ना."

"का रे?"

"माझे साहेब बघून राहिले. हा फोटो भिंतीवर लागंल. लोक काय म्हणतील, मास्तरच्या घरात..."

ज्याला मी कडेवर घेऊन वाढवला, तो! मी अब्बांकडं बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. ते समोर बघत राहिले. एक शब्द बोलले असते, कुठल्याही भाषेत, तर मी काहीतरी बोलून गेले असते. ते लग्न, ती नवी नवरी, सगळ्याची माती झाली असती.

"तुझा दिवस हाय, बाबू," मी म्हटलं. "मी बाजूला होते." आणि जाऊन फोटोग्राफरशेजारी उभी राहिले. यूसुफ रांगेत होता. तोही निघून माझ्यापाशी आला.

तो फोटो सलीमच्या घरी अजून आहे. सगळे कॅमेऱ्याकडं बघतात. अम्मी तेवढी कॅमेऱ्याच्या बाजूला बघतीय.

* * *

आता हाजीसाहेबांचं.

लोह्यात कापडाचे मोठे व्यापारी. अम्मी पहिल्यांदा बाजारात गेली तेव्हा बिरादरीला आमच्या दारापासून तोडणारे हेच. इतक्या वर्षांत त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या ईदला मात्र दोन माणसं घेऊन थेट बैठकीत आले!

अब्बांनी उठून गळाभेट घेतली. ईदच ती. मी शीरखुर्म्याचा ट्रे घेऊन दारात उभी.

"मुबारक हो मास्तर," हाजीसाहेब बसता बसता म्हणाले. "तुम्ही उतरवला, पोरीनं चढवला! अल्लानं हिशोब बरोबर केला."

दोघं सोबती हसले. अब्बांची मान खाली गेली होती. मी जन्मात कधी त्यांची मान खाली बघितली नव्हती.

हाजीसाहेब माझ्याकडं वळले. "शाबास बेटी. बापाला चांगला धडा शिकवलास."

मी ट्रे खाली ठेवला.

"हाजीसाहेब," मी म्हटलं, "धडे मला अब्बांनीच शिकवले. दुसऱ्याच्या सांगण्यावरून अंगावर काही घालायचं न्हाई आन काढायचं न्हाई, हा त्यातलाच एक. हा बुरखा माझा हाय. तुमचा झेंडा न्हाई."

स्वयंपाकघरात अम्मीच्या हातातलं झाकण पडलं.

"खुर्मा घ्या," मी म्हटलं. "गार होऊन राहिलाय."

हाजीसाहेबांनी घेतला नाही. सोबत्यांपैकी एकानं मात्र जाता जाता उभ्याउभ्या वाटी संपवली!

मला वाटलं, आता तरी अब्बा बोलतील. नाही. संध्याकाळी अम्मीला म्हणाले, "तिला सांग, एसटीची वेळ झाली." एवढंच. पण माझी पिशवी त्यांनी उचलली, आणि स्टँडपर्यंत सगळ्या बाजारातून माझ्यापुढं चालत गेले. पिशवी गाडीत ठेवली आणि वळूनही न बघता परत फिरले.

* * *

आणि मग हा.

उन्हाळ्याची दुपार. एक्सचेंजमधले पंखे गरम वारा फेकत होते. मी ट्रंक बोर्डावर, शेजारी बिराजदारबाई. नांदेडची लाइन वाजली.

"हॅलो लातूर, नांदेड बोलून राहिलो. लोह्याहून पी.पी. कॉल आहे." पी.पी. म्हणजे ठराविक माणसालाच बोलावून द्यायचा कॉल; तीन मिनिटांचा, पुढं वाढवायचा तर जादा पैसे.

"नंबर बोला, नांदेड."

"नंबर न्हाई, बाई. पार्टी म्हणते, एक्सचेंजच पाहिजे. ऑपरेटर नसीम यूसुफ."

अम्मीला काही झालं? ड्युटीवर घरचा कॉल घ्यायची परवानगी नव्हती. बिराजदारबाईंनी एकदा सुपरवायझरकडं बघितलं, आणि काही न विचारता माझ्या बाकीच्या लाइनी आपल्याकडं ओढून घेतल्या.

"जोडा," मी म्हटलं.

खरखर झाली. पलीकडं कुणीतरी श्वास घेत होतं. मी तो श्वास ओळखला.

"अस्सलाम अलैकुम, अब्बा. अम्मी बरी हाय ना?"

"व अलैकुम अस्सलाम. अच्छी है."

दखनी!

पुढं काही नाही. मी थांबले. ते थांबले. लाइनीवर मागून लोह्याच्या बाजाराचा आवाज येत होता. कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. अब्बा खाकरले. मला वाटलं, आता बोलतील. नाही. माझ्या हेडफोनमध्ये तोच श्वास, आणि डोळ्यांतून पाणी सारखं हनुवटीखालच्या काळ्या कापडात जिरून राहिलेलं.

मध्येच नांदेडचा ऑपरेटर लाइनीवर आला.

"हॅलो लोहा! साहेब, तीन मिनिटं झाली. तुमच्या दोन्ही पार्ट्या तर काहीच बोलून न्हाई राहिल्या. कॉल तोडू का?"

"तोडू नका," अब्बा म्हणाले. "वाढवा!"